घडी बसली का, बॉस?

प्रोटीन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? खरं सांगा हं! जिममधल्या ट्रेनरने गळ्यात मारलेला तो भलामोठा काळा डबा, बरोबर? चॉकलेट फ्लेवर, वर दंड फुगवून उभा असलेला एक टकलू, आणि हप्त्यांवर घ्यावा अशी किंमत. हल्ली तर पनीरपासून बिस्किटापर्यंत सगळ्यावर ‘हाय प्रोटीन’ छापलेलं असतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडला की शेजारचा विचारतो, ‘आज किती ग्रॅम?’ आपल्या आज्या वरण-भात आणि मटकीची उसळ वाढत होत्या तेव्हा कुणी ग्रॅम मोजले नाहीत, पण ते जाऊ दे.

मुद्दा असा, की या जगात अशीही माणसं आहेत ज्यांचं अख्खं करिअर एका प्रोटीनवर निघतं. एका! आणि ते खायचंही नसतं. या मंडळींना प्रोटीन सायंटिस्ट म्हणतात. त्यातले काही जण दिवसभर लॅबमध्ये हात घालतात आणि रात्री घरी येऊन माइकसमोर बसतात, पॉडकास्ट करायला. आज त्यांच्याविषयी. कारण ‘एआय माझी नोकरी खाणार का?’ हा जो प्रश्न आपल्याला सध्या रविवारी रात्री झोपू देत नाही, तो या लोकांच्या दारात २०२० मध्येच येऊन उभा राहिला होता. त्यांचं पुढे काय झालं, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

आधी थोडं बेसिक. घाबरू नका, दहावीचा पेपर नाही हा. प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ. मणी वीस प्रकारचे, त्यांना म्हणायचं अमिनो आम्लं. कुठला मणी कुठल्या नंबरवर ओवायचा, ते तुमच्या डीएनएमध्ये लिहिलेलं असतं. इन्शुलिनमध्ये हे मणी ५१, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये चार माळा मिळून ५७४. पण नुसती माळ काही कामाची नसते. ती वळते, दुमडते आणि तिची एक ठरावीक घडी बसते. घडी बसली की प्रोटीन कामाला लागतं. घडी बिघडली की खेळ खलास. पटत नसेल तर अंडं उकडून बघा. आतला पांढरा भाग आधी पारदर्शक आणि पातळ असतो, नंतर घट्ट गोळा. मणी तेच, माळ तीच, फक्त उष्णतेने घडी मोडली.

आता गंमत ऐका. सायरस लेव्हिंथल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये एक हिशोब मांडला. दीडशे मण्यांची माळ किती वेगवेगळ्या तऱ्हांनी दुमडता येईल? उत्तर आलं, एकावर तीनशे शून्यं. एकेक तऱ्हा करून बघायची म्हटलं तर विश्वाचं वय पुरणार नाही. आणि आपल्या पेशींमधली बरीचशी प्रोटीन्स हे काम सेकंदभरात, कधी त्याहूनही लवकर उरकतात. कशी? या ‘कशी’वर लोकांच्या पिढ्या गेल्या.

या लोकांचं रोजचं आयुष्य कसं असतं, हे बघायला एका आठवड्यासाठी तुमची नोकरी बदलून देतो. हिंजवडीला जायचं नाही, पाषाणला जायचं. समजा तुम्ही तिथल्या एखाद्या संशोधन संस्थेत प्रोटीन सायंटिस्ट आहात. चला!

सोमवार. माणसाचं प्रोटीन हवंय, पण ते माणसातून काढत बसत नाहीत. त्याची कृती ई-कोलाय नावाच्या जिवाणूत घालतात आणि त्यालाच स्वयंपाक करायला लावतात. मोठ्या फ्लास्कमध्ये मटनाच्या रश्श्यासारख्या रंगाचं पाणी, त्यात हे जिवाणू, तापमान ३७ अंश, आणि फ्लास्क सारखा हलतोय. दर थोड्या वेळाने तुम्ही बघता किती गढूळ झालं. पुरेसं गढूळ झालं की एक रसायन टाकायचं, म्हणजे जिवाणूंना निरोप जातो, ‘लागा कामाला’. मग तापमान १८ वर आणायचं आणि रात्रभर हलवत ठेवायचं. दमाने केलं की घडी नीट बसायची शक्यता जास्त.

मंगळवार. जिवाणू फोडायचे. बर्फात ठेवून, कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनिलहरींनी. फोडलेला माल गरगर फिरवला की वर स्वच्छ पाणी आणि तळाला गाळ. प्रोटीनच्या शेपटाला तुम्ही आधीच हिस्टिडीनचे सहा मणी जोडून ठेवलेले असतात. ते निकेलला चिकटतात, म्हणून माल निकेलच्या नळीतून सोडायचा. बाकीचे सगळे वाहून जातात, आपला पठ्ठ्या चिकटून राहतो. हे सगळं चार अंशांच्या खोलीत. म्हणजे पुण्यातल्या मे महिन्यात बाहेर लोक आंब्याच्या डाळीवर आणि पन्ह्यावर तुटून पडलेत, आणि तुम्ही स्वेटर घालून शिंकताय.

संध्याकाळी जेल नावाच्या पातळ चकतीवर निळे पट्टे बघायचे. वरच्या पाण्याच्या रकान्यात तुमच्या प्रोटीनचा पट्टा हवा. तो नाही. तो गाळाच्या रकान्यात आहे, ठसठशीत. म्हणजे प्रोटीन भरपूर तयार झालं, पण घडी चुकली आणि सगळ्यांचा गोळा होऊन तळाला बसला. तुमचं काम अक्षरशः गाळात गेलं.

बुधवार. सोमवारचीच कृती, तापमान वेगळं. गुरुवार. ग्रुप मीटिंग, मग रसायनांच्या बिलाचा जीएसटी, मग अनुदानाचा फॉर्म. (हसताय ना? तुमचाच गुरुवार आहे हा.) शुक्रवारी, समजा नशीब उघडलं आणि शुद्ध प्रोटीन हाती लागलं, तर ९६ खणांच्या चिमुकल्या ट्रेमध्ये त्याचे थेंब लावायचे. प्रत्येक खणात वेगळं मीठ, वेगळं रसायन. आशा एवढीच, की कुठल्यातरी खणात स्फटिक धरेल. मग वाट. दिवस, आठवडे, कधी महिने. एक दिवस मायक्रोस्कोपखाली काहीतरी चमकतं आणि तुम्ही ओरडता. शेजारची सीनियर शांतपणे येते, सुईने टोचते. कर्रकन आवाज. मीठ होतं ते. प्रोटीनचा स्फटिक मऊ असतो, तो असा वाजत नाही.

खरा स्फटिक मिळालाच तर तो द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून न्यायचा, क्ष-किरणांच्या झोतात धरायला. इंदूरच्या इंडस-२ या यंत्रावर त्यासाठी खास जागा आहे. क्ष-किरण स्फटिकातून विखुरतात, त्या ठिपक्यांवरून प्रोटीनचा आकार काढायचा. हिमोग्लोबिनचा आकार काढायला मॅक्स पेरुट्झ १९३७ मध्ये केंब्रिजला बसला. आकार हाती आला १९५९ मध्ये. बावीस वर्षं! मधल्या काळात महायुद्ध होऊन गेलं. त्याचा सहकारी जॉन केंड्र्यू त्याच्या आधी जिंकला, कारण त्याने निवडलेलं मायोग्लोबिन छोटं होतं. १९६२ चं नोबेल दोघांना मिळून. आणि आपल्याकडे चेन्नईत गो. ना. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं, की माळ हवी तशी वळूच शकत नाही, अणू एकमेकांवर आपटतात. कुठली वळणं चालतील आणि कुठली नाही, याचा त्यांचा नकाशा आजही जगभर वापरतात. नवा आकार काढला की आधी रामचंद्रन प्लॉटवर तपासायचा, असा दंडकच आहे.

तर अशी ही चिवट माणसं. आणि मग आला २०२० चा नोव्हेंबर.

१९९४ पासून दर दोन वर्षांनी या क्षेत्रात एक स्पर्धा होते. प्रयोगाने सापडलेले, पण अजून जाहीर न झालेले आकार परीक्षकांकडे असतात. स्पर्धकांना फक्त माळ देतात, घडी ओळखा म्हणून. त्या वर्षी लंडनच्या डीपमाइंडचं अल्फाफोल्ड उतरलं आणि शंभरपैकी ९२.४ गुण घेऊन गेलं. जिथे एकेका आकारासाठी पीएचडी व्हायची, तिथे कॉम्प्युटर चहा संपेपर्यंत उत्तर द्यायला लागला. २०२२ च्या जुलैपर्यंत त्यांनी वीस कोटींहून अधिक प्रोटीन्सचे अंदाजी आकार सगळ्यांसाठी फुकटात खुले केले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपरला मिळालं, आणि नवी प्रोटीन्स डिझाइन करणाऱ्या डेव्हिड बेकरला.

आता तुम्ही स्वतःला त्या चार अंशांच्या खोलीत उभं करा. नाकातून पाणी गळतंय, हातात गाळ आहे, आणि फोनवर बातमी येते की तुमचा प्रश्न सुटला. काय वाटेल?

बरं, मग नोकऱ्या गेल्या का? तर नाही. आणि का नाही गेल्या, हे महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट. ते यंत्र शिकलं कुठून? १९७१ मध्ये प्रोटीनच्या आकारांची एक सार्वजनिक बँक सुरू झाली, सात आकारांवर. सात! पन्नास वर्षांत त्यात जवळजवळ पावणेदोन लाख आकार जमले, आणि यंत्राने शिकवणी घेतली ती त्यांच्याकडून. त्यातला एकेक आकार म्हणजे कुणाचे तरी शिंकत काढलेले मे महिने.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. सिकलसेलचं उदाहरण घ्या. नंदुरबार, गडचिरोली, विदर्भातले आदिवासी पाडे, तिथे हा आजार घराघरांत माहीत आहे. त्याच्या निर्मूलनासाठी देशपातळीवरची मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. कारण काय, तर हिमोग्लोबिनच्या एका माळेत १४६ मणी, त्यातला सहावा बदललेला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस, एवढंच. एका मण्यापायी लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने कळवळतो.

आता हे बिघडलेलं हिमोग्लोबिन एकटं घेऊन त्याचा आकार बघितला, तर तो जवळपास निरोगी हिमोग्लोबिनसारखाच दिसतो. घडी ठीकठाक. गडबड होते ती गर्दीत. ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या लांबच लांब दोऱ्या होतात. एकटा असला की सज्जन, टोळक्यात गेला की भलताच. (असे दोन-तीन जण तुमच्याही ऑफिसात असतील.) नुसत्या एकट्या आकाराचा फोटो कितीही नेमका असला, तरी हे त्यात दिसत नाही. त्यासाठी खरं प्रोटीन खऱ्या पाण्यात, ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनशिवाय, कुणीतरी बघावंच लागतं.

आणि बघून झाल्यावरही शरीर ऐकेलच असं नाही. हिमोग्लोबिनला चिकटून त्या दोऱ्या रोखणारं व्हॉक्सेलोटर हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. आकार बघून, विचार करून घडवलेलं औषध. सप्टेंबर २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण रुग्णांच्या बाबतीत धोका फायद्यापेक्षा मोठा दिसायला लागला. कागदावर सगळं जमलेलं, रक्तात नाही जमलं.

म्हणून काम संपलं नाही, सरकलं. ‘आकार काय?’ इथून ‘करतो काय, चिकटतो कुणाला, बिघडतो कधी?’ इथे. आधी ज्या प्रश्नाच्या दाराशी पोचायलाच पाच वर्षं लागायची, तिथून आता सकाळी दहा वाजता सुरुवात होते. हात मात्र आजही ओलेच करावे लागतात.

आता पॉडकास्टकडे या. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं असताना यांना रात्री माइकसमोर बसायची हौस कशाला?

कारण सोपं आहे. रिसर्च पेपरमध्ये हे काहीच येत नाही. तिथे एकच वाक्य असतं, ‘प्रोटीन १८ अंशांवर तयार करून शुद्ध केलं.’ त्या १८ च्या मागे ३७ वर गेलेला गाळ, २५ वर गेलेला गाळ, मीठ निघालेले स्फटिक आणि घरी ‘अजून किती वर्षं शिकणार गं?’ असं विचारणारी मावशी, यातलं काही दिसत नाही. पेपर म्हणजे लग्नाचा अल्बम. भांडणं त्यात नसतात. ऐकायला मजा मात्र भांडणांचीच येते, आणि पुढच्या माणसाला उपयोगही त्याचाच होतो.

प्रोटीनवाल्यांना बोलायची सवय तशी जुनी. तोच केंड्र्यू, नोबेल मिळाल्यावर दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, बीबीसी टीव्हीवर ‘द थ्रेड ऑफ लाइफ’ ही व्याख्यानमाला घेऊन आला होता. ‘पॉडकास्ट’ हा शब्द त्यानंतर चाळीस वर्षांनी आला. २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सलीने ‘गार्डियन’मध्ये तो सहज सुचवून टाकला. ज्या आयपॉडवरून तो आला तो आयपॉड २०२२ मध्ये बंद पडला, शब्द मात्र टिकला. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या व्हिन्सेंट राकानिएलो आणि डिक्सन डेपोमिए या दोन प्राध्यापकांनी ‘धिस वीक इन व्हायरॉलॉजी’ सुरू केलं. कल्पना एवढीच, की दोन जाणकार विषाणूंवर गप्पा मारतायत आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून ऐकताय. बारा वर्षांनी कोविड आला, तेव्हा ती खुर्ची अचानक फार कामाची ठरली. लोकांना ‘माहीत नाही, बघून सांगतो’ असं म्हणणारा तज्ज्ञ हवा होता, आणि यांच्याकडे ते म्हणायची बारा वर्षांची प्रॅक्टिस होती.

पॉडकास्टला लागतं काय? बरा माइक, आवाज कापायचं फुकटातलं सॉफ्टवेअर, आणि एक कपाट. हो, कपाट! साड्या-शर्टांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसलं की आवाज घुमत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, घामाच्या धारा. तेवढ्यात शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, मग खाली भंगारवाला. तासभराच्या गप्पांतून आपलेच शंभर ‘अ‍ॅक्च्युअली’ कापायला रविवार जातो.

पण खरी कसोटी वेगळीच. प्रोटीन डोळ्यांना दिसत नाही, आणि पॉडकास्टवर चित्रही दाखवता येत नाही. न दिसणारी गोष्ट, न दाखवता, लोकलमध्ये लटकलेल्या माणसाला समजावून सांगायची. त्यातून मराठीत सांगायचं तर पुस्तकातले शब्द आडवे येतात. ‘विकर’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या स्टेशनला उतरतो. मग घरात शोधावं लागतं. घडीची पोळी घ्या. गोळा तोच, पण घडी घालून लाटली की पदर सुटतात, नाहीतर वातड पापड. मोदकाच्या कळ्या घ्या. एक कळी चुकली की सारण बाहेर. असं उदाहरण सापडलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे झालंच. पण सांगणाऱ्यालाही आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते कळतं. पोळीचे पदर सुटतात वाफेने, मग प्रोटीनला कोण ढकलतं? गेला रविवार! सोमवारी लॅबमध्ये नवा प्रयोग.

विषयांचा तर तुटवडाच नाही. नमुन्याला एक एपिसोड सुचवतो, कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ मध्ये बेंगळुरूच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तर या हटून बसल्या आणि मिळवला. तिथे त्यांनी अभ्यास केला दुधातल्या आणि डाळींतल्या प्रोटीन्सचा. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक. म्हणजे ज्या वरणाचे ग्रॅम आपल्या आज्यांनी मोजले नाहीत, तसल्या डाळींतली प्रोटीन्स एक मराठी बाई तेव्हाच तपासत होती. हे ऐकायला तुमचा अर्धा तास जाईल, सिंहगड रोडचा एक सिग्नल!

तर मंडळी, या सगळ्यातून आपण एक्सेल आणि पीपीटीवाल्यांनी काय घ्यायचं? यंत्र उत्तर देईल, आणि आपल्यापेक्षा लवकर देईल. ते मान्य करून टाका, झोप बरी लागेल. मग ते उत्तर खऱ्या माणसांच्या गर्दीत टिकतं का, हे हात ओले करून बघणारा लागतोच. आणि काय जमलं, काय गाळात गेलं, हे शेजारच्याला त्याच्या भाषेत सांगणाराही लागतो. तुमच्या टीममध्ये ही दोन कामं कोण करतं, बघा जरा. कुणीच करत नसेल तर जागा रिकामी आहे, बॉस!

या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ‘काय झालं?’ सगळेच विचारतील. तुम्ही विचारा, ‘काय फसलं?’ आणि कुणी सांगायला लागलं, तर पंखा बंद करून नीट ऐका.